गड सांभाळले, पेठेचे काय?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या सत्तेचाळिसाव्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी ही ती बारा नावे. सह्याद्रीचा कडा, कोकणचा किनारा आणि दक्षिणेतील पठार यांचा लष्करी उपयोग कसा करावा याची जी दृष्टी शिवछत्रपतींच्या काळात विकसित झाली, तिची ही जागतिक पोच होय. महाराष्ट्राला तिचा आनंद झाला आणि तो होणे योग्यही होते.

तथापि आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न विचारावाच लागतो. ज्या पुण्यात किल्ल्यांविषयीची ही आस्था प्रथम सार्वजनिक झाली, त्या पुण्याने आपल्या स्वतःच्या पेठांचे काय केले? डोंगरावरचा दगड जपण्यासाठी जो समाज एकमुखाने उभा राहतो, तोच समाज आपल्या गल्लीतील वाडा कोसळताना पाहून ‘आता त्यात काय राहिले होते’ असे म्हणून पुढे का जातो? बुधवार पेठेच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरेल. कारण वारसा जपण्यातील आपले यश आणि आपले अपयश ही दोन्ही या एका पेठेत हातभर अंतरावर पाहावयास मिळतात.

आस्थेचा उगम

रायगडाची आज जी निगा राखली जाते तिच्या मुळाशी सरकारी आज्ञा नव्हती, लोकांची हाक होती. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरील आपला पोवाडा प्रसिद्ध केला आणि शेतकऱ्यांचा राजा म्हणून त्यांचे चित्र मराठी वाचकांपुढे उभे केले. पुढे १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेचा प्रश्न ‘केसरी’ने हाती घेतला आणि जीर्णोद्धारासाठी लोकवर्गणीची मोहीम पुण्यातून सुरू झाली. जोतीराव आणि टिळक यांचे मार्ग किती भिन्न होते हे सर्वश्रुत आहे. परंतु पूर्वजांच्या खुणा ही सर्वांची मालमत्ता असून त्यांची काळजी जिवंत पिढीने घ्यावयाची असते, एवढ्या मुद्द्यावर दोघांच्या कृतीची दिशा एकच होती. शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी यांनी दिलेल्या लहानसहान रकमांतून त्या काळी अशी कामे उभी राहिली, हे आजच्या शाळामास्तरांनी, कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये.

कायदा मागाहून आला. १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या जतनाचा अधिनियम झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४९व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले. १९५८ मध्ये केंद्राचा आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य झाले. जागतिक यादीतील बारा किल्ल्यांपैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. म्हणजे गडांच्या बाबतीत निदान कोणाला जाब विचारावयाचा हे ठाऊक आहे. पेठेच्या बाबतीत नेमके तेच ठाऊक नसते.

पेठेचा जमाखर्च

बुधवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. औरंगजेबाच्या अमलात तिला मुहियाबाद म्हणत आणि पेशवाईत ती वारावरून ओळखली जाऊ लागली. तांबड्या जोगेश्वरीचे देऊळ येथे आहे. नारो अप्पाजी खिरे यांनी वसविलेल्या तुळशीबागेतील राममंदिर येथे आहे. नाना फडणविसांचे बेलबागेतील विष्णुमंदिर लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या रांगेआड असे दडले आहे की, रोज त्यावरून जाणाऱ्या शेकडो माणसांना त्याचा पत्ता नसतो. पासोड्या विठोबाच्या नावातच कापडपेठेची आठवण शिल्लक आहे, आणि फरासखान्याच्या नावात पेशव्यांच्या तंबू-जाजमांची. अप्पा बळवंत चौकात महाराष्ट्रभरचे शिक्षक व विद्यार्थी पाठ्यपुस्तकांसाठी येतात. त्यांच्यापैकी कितीजणांना आपण इतिहासाच्या पुस्तकातल्या पानावरच उभे आहोत याची जाणीव असते?

या पेठेने गमावले तेही थोडे नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यातील आगीत भस्मसात झाला. सरकारी कचेऱ्यांबरोबरच १८४८ साली स्थापन झालेले ग्रंथालय, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, तेथे नांदत होते. त्याच्या ग्रंथसंग्रहालाही त्या आगीची झळ बसली. त्याच रात्री विश्रामबागवाड्याचाही मोठा भाग जळाला. परंतु विश्रामबागवाडा पुन्हा उभा राहिला, कारण लोकांनी वर्गणी दिली आणि नगरपालिकेने हात दिला. ज्या वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली व जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेजपर्यंतची परंपरा निघाली, त्या वाड्यात नंतर नगरपालिकेची कचेरीही होती. त्याचा लाकडी दर्शनी भाग, कोरीव खांब आणि सज्जा आज पाहावयास मिळतो तो योगायोगाने नव्हे. प्रत्येक पिढीत त्या वास्तूला काहीतरी काम होते, आणि काम असलेल्या वास्तूचे छप्पर कोणीतरी शाकारतो.

भिडे वाड्याचे भाग्य असे नव्हते. दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोरील याच वाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली आणि सावित्रीबाईंनी तेथे शिकविले. ज्या जागेतून या देशातील स्त्रीशिक्षणाला मोठी चालना मिळाली, तिचे महत्त्व एखाद्या बुरुजाहून तसूभरही उणे नव्हते. परंतु तेथे दुकाने होती, भाडेकरू होते, मालकी हक्काचे वाद होते. महापालिकेने ती जागा स्मारकासाठी घेण्याचे ठरविल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि एका तपाहून अधिक काळ तेथेच राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. डिसेंबरच्या आरंभी एका रात्रीत वाड्याचा उरलासुरला भाग पाडण्यात आला आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारावयाचे ठरले.

न्यायालयांचा निर्णय योग्यच होता. ज्यांनी या जागेसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला त्यांच्या तळमळीविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. पण हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. जे जतन करावयाचे होते ते हाती आले तेव्हा जतन करण्याजोगे फारसे उरले नव्हते. नवे स्मारक कितीही भव्य झाले तरी ज्या उंबऱ्यावरून दबकत, दगड-शेणाचा मारा सोसून मुली व त्यांची शिक्षिका आत आल्या तो उंबरा त्यात असणार नाही. भिडे वाड्याचा पराभव कोर्टात झाला नाही. तो त्याआधी अनेक पावसाळ्यांत, फुटलेल्या एकेका कौलाखाली झाला.

कायद्याची दोन टोके

पेठेतून शनिवारवाड्याकडे चालत गेल्यास दहा मिनिटांत कायद्याचे दुसरे टोक दिसते. १८२८ च्या आगीनंतर केवळ तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढेच उरलेला शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले आणि त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीच्या अधीन राहिले. निषिद्ध पट्ट्यात १९९२ पूर्वीच्या घराची डागडुजी करता येते, तीही परवानगी घेऊन. मोडकळीस आलेला वाडा उतरवून तेथेच नवे घर बांधणे मात्र शक्य नाही.

कायद्याचा हेतू निःसंशय चांगला आहे. दिल्ली-आग्र्याच्या मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या स्मारकाला तो शोभतोही. पण शनिवारवाड्याभोवती मैदान नाही, माणसे आहेत. त्यांच्या घरांना वाळवी लागली आहे, भिंती फुगल्या आहेत, आणि मुलाबाळांसह राहणाऱ्या कुटुंबाला घर पडण्याची वाट पाहण्यावाचून मार्ग नाही. अशा माणसाला वारसा हा शब्द शत्रूसारखा वाटू लागला तर दोष त्याला देता येणार नाही.

उलटपक्षी, तीनशे मीटरांची रेषा ओलांडली की केंद्राचा पुरातत्त्व कायदा डोळे मिटून घेतो. महापालिकेची वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी आहे. परंतु यादीत नाव येणे आणि वास्तू वाचणे यांत अंतर आहे. यादी मालकाला ‘पाडू नकोस’ एवढेच सांगते. ‘दुरुस्तीला हे पैसे घे’ असे सांगत नाही. आणि जे घर यादीत नाही, त्याच्या बाबतीत विचारणाराच कोणी नाही. शनिवारवाड्याजवळ घर सुधारावयाचे तर बंदी, चार गल्ल्या पलीकडे दोनशे वर्षांचे घर पाडावयाचे तर मोकळीक. वारशाचे रक्षण अंतराच्या फुटपट्टीने होऊ शकत नाही, हे या दोन टोकांकडे पाहिल्यावर वेगळे सांगावयास नको.

वाडा का पडतो?

जुने वाडे काळाच्या ओघात पडतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. पुण्याचा वाडा म्हणजे लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा, खाली दगडी जोते, मध्ये विटा-मातीच्या भिंती आणि वर कौलांचे छप्पर. जोवर छप्पर कोरडे आहे तोवर सागवानाचा हा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. एक कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक प्रथम कुजते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी माडी एखाद्या श्रावणात खाली येते. त्यातून भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि नाश अधिक वेगाने होतो. घाणीत मळलेल्या चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि जुन्या जोडकामाचे सुतार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. याला काळाचा ओघ म्हणणे ही आत्मवंचना आहे. याला दुरुस्तीचा अभाव म्हणतात.

आणि दुरुस्ती का होत नाही? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. महायुद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरूला त्याने आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. १९९९ च्या कायद्याने वर्षाला शेकडा चार वाढीची मुभा दिली तेव्हा मूळ भाडेच इतके नगण्य होते की त्यात कौलांची परतही बसवून होत नसे. दरम्यान १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाड्यांची जोती खिळखिळी केली. १९७० नंतर सदनिकांची मालकी कायद्याने सुलभ झाली आणि वाड्यापेक्षा वाड्याखालच्या जमिनीला भाव आला. एका वाड्याचे दहा-वीस वारस झाले. कोणी ठाण्यास, कोणी अमेरिकेस. घर पडले तरच ज्याला चार पैसे मिळणार, तो मालक छप्पर शाकारीत नाही. आणि ज्याची मालकीच नाही, तो भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीवर पदरचा पैसा घालीत नाही. दोघांनाही दोष न देता हे म्हणता येईल की कायद्यानेच दोघांना हात बांधून बसविले.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग या पेठांच्या पोटातून सुरू झाला. प्रवाशांची सोय झाली हे उत्तमच. पण मेट्रोच्या मार्गालगत वाढीव चटईक्षेत्र देण्याचे धोरण जुन्या गावठाणाला सरसकट लागू झाले, तर आजवर आळसाने जे पडत होते ते यापुढे हिशेबाने पाडले जाईल.

देवळे सांभाळली जातात काय?

देवळांची स्थिती वाड्यांहून बरी आहे, असा समज आहे. भक्त आहेत, विश्वस्त आहेत, उत्पन्नही आहे. परंतु उत्पन्न हेच कधीकधी देवळाच्या मुळावर येते. घडीव दगडाला तैलरंग फासणे, लाकडी सभामंडप उतरवून तेथे सिमेंटचा मंडप घालणे, फरसबंद अंगणावर गुळगुळीत लाद्या बसविणे, दीपमाळेला विजेच्या तारांनी जखडणे, हे प्रकार गावोगाव श्रद्धेपोटीच होतात आणि त्यांना जीर्णोद्धार हेच नाव दिले जाते. देव पुरातन, देऊळ मात्र परवाचे, अशी अवस्था त्यातून येते.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार देवस्थानाला धर्मादाय आयुक्तांपुढे जमाखर्च ठेवावा लागतो आणि स्थावर मिळकत विकावयाची तर मंजुरी घ्यावी लागते. देवळाची जमीन विकली तर जाब विचारला जातो. देवळाचा दोनशे वर्षांचा लाकडी मंडप मोडून जळणात गेला तर मात्र विचारणारी यंत्रणा नाही. विश्वस्तांच्या हेतूवर संशय घेण्याची जरुरी नाही. त्यांना योग्य सल्ला सहज व विनामूल्य मिळावा, आणि जुन्या देवळात मोठा बदल करण्यापूर्वी तो घेणे बंधनकारक असावे, एवढेच पुरे.

कोणाचा वारसा?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. वाडे म्हणजे पेशवाईतील मूठभर वर्गाच्या ऐश्वर्याच्या खुणा. ज्यांना त्या चौकात पाऊल टाकण्यास मज्जाव होता त्यांच्या वंशजांनी आता त्यांच्या जतनासाठी कर का भरावा?

आक्षेपामागील वेदना खरी आहे. ती झाकून केलेले कोणतेही वारसाप्रेम खोटे ठरेल. पण बुधवार पेठच या आक्षेपाचे उत्तर देते. पेशवाईतील मुत्सद्द्यांची देवळे आणि शूद्रातिशूद्रांसाठी व स्त्रियांसाठी ज्ञानाचे दार उघडणाऱ्याची शाळा एकाच पेठेत, एकाच पद्धतीच्या लाकडी वाड्यांच्या रांगेत होती. एकाचा इतिहास पुसला की दुसऱ्याचा अर्थही कळेनासा होतो. जोतीराव कशाविरुद्ध उभे राहिले हे पुढच्या पिढीला दाखवावयाचे असेल तर ती पेठ, तिची गल्ली, तिचे बंद दरवाजे शिल्लक असावे लागतील. शिवाय तो दगड घडविणारे वडार, ती तुळई तासणारे सुतार, तो चुना मळणारे मजूर यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. त्यांचे एकमेव स्मारक म्हणजे त्यांनी केलेले काम.

याच पेठेच्या काही गल्ल्यांतील मोडक्या माड्यांवर देहविक्रय करून जगणाऱ्या स्त्रिया राहतात. त्यांच्याकडे भाडेपावती नसते, वारसाहक्क नसतो, त्यामुळे पुनर्विकासाच्या नकाशात त्यांची नोंदही नसते. सावित्रीबाईंच्या शाळेचे स्मारक ज्या पेठेत होणार, त्या पेठेच्या कोणत्याही योजनेत या स्त्रियांच्या निवाऱ्याचा व त्यांच्या मुलांच्या शाळेचा विचार नसेल, तर त्या स्मारकाला अर्थ उरणार नाही.

इतरत्र काय झाले

इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ मध्ये एक निराळा मार्ग धरला. जुन्या गावातील पडकी घरे दुरुस्त करण्याचे काम सार्वजनिक घरबांधणीच्या योजनेतच समाविष्ट केले, आणि दुरुस्तीनंतर मूळचे सामान्य रहिवासी तेथेच राहतील अशी तजवीज केली. वास्तूबरोबर वस्तीही जपावयाची, हे तत्त्व तेथून पुढे सर्वत्र चर्चिले गेले. आपल्याकडे अहमदाबादचे जुने शहर २०१७ साली जागतिक वारसा यादीत गेले. तेथील पोळांमधील लाकडी घरांच्या मालकांना, घर राखल्याच्या मोबदल्यात न वापरलेला बांधकाम-हक्क अन्यत्र विकण्याची सवलत दिली गेली. आपल्या राज्यात मुंबईने १९९५ मध्येच वारसा नियमावली केली. त्याआधी, १९६९ मध्ये, मुंबई शहरातील जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर गोळा करून त्या इमारती दुरुस्त करण्याची व्यवस्था झाली. तिच्यात त्रुटी अनेक आहेत, पण निदान व्यवस्था आहे. पुण्याच्या पेठांना तेवढीही नाही.

खुद्द बारा किल्ल्यांतील पन्हाळ्याचे उदाहरण जवळचे आहे. पन्हाळ्यावर वस्ती आहे, नगरपरिषद आहे. यादीत नाव जाणार म्हटल्यावर तेथील रहिवाशांत आनंदाऐवजी धास्ती पसरली. आपली घरे, आपली दुकाने राहतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. राजगडावर कोणी राहत नाही, म्हणून राजगडाचे जतन तुलनेने सोपे. जेथे माणूस राहतो तेथे वारसा जपणे म्हणजे त्या माणसाशी करार करणे होय, आणि करारात दोन्ही बाजूंना काही मिळावे लागते.

काय करता येईल

पहिली गोष्ट, पेठांतील उरलेल्या सर्व वाड्यांची व जुन्या देवळांची मोजणी व चित्रनोंद व्हावी. पुण्यात वास्तुशास्त्राची आणि स्थापत्याची महाविद्यालये आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था आहे, आणि पेशवे दप्तरात जुन्या कागदांचा सागर पडला आहे. विद्यार्थ्यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे काम बसू शकते. जो वाडा वाचणार नाही त्याचा निदान नकाशा तरी राहील.

दुसरी, दुरुस्तीसाठी निधी. मुंबईच्या धर्तीवर पुण्याच्या गावठाणासाठी दुरुस्तीची यंत्रणा उभी करावी, आणि जो मालक जुने घर राखून त्याची डागडुजी करील त्याला मिळकतकरात भरीव सूट व हस्तांतरणीय विकासहक्क मिळावेत. पाडण्यापेक्षा राखणे परवडले तरच लोक राखतील. धोकादायक इमारतीची नोटीस ही आज घर पाडण्याची पहिली पायरी ठरते. ती दुरुस्तीच्या अर्जाची पहिली पायरी व्हावयास हवी.

तिसरी, शनिवारवाड्याभोवतीचा सरसकट निषेध सोडून स्थळ पाहून ठरविलेली नियमावली. उंची, दर्शनी भाग, वापर यांवर कडक बंधने ठेवून जीर्ण घर नव्याने बांधण्याची मुभा द्यावी. त्यासाठी केंद्राच्या कायद्यात बदल लागेल. राज्याने व पुण्याच्या लोकप्रतिनिधींनी तो आग्रहाने मागावा.

चौथी, वास्तूला काम द्यावे. रिकामा वाडा वाचत नाही, हे विश्रामबागवाडा आणि भिडे वाडा यांच्या तुलनेवरून दिसलेच आहे. वाचनालय, अभ्यासिका, पाळणाघर, हस्तव्यवसायाची शाळा यांपैकी काहीही तेथे चालू शकेल.

या चारही गोष्टींसाठी पैसा लागेल, पण किल्ल्यांसाठी जो जाहीर केला जातो त्याच्या मानाने थोडा. लागेल ती मुख्यतः निकड. दरवर्षी शाळांच्या सहली सिंहगडावर व शिवनेरीवर जातात, तशी एखादी सहल अप्पा बळवंत चौकापासून तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबागवाडा आणि भिडे वाड्याच्या जागेपर्यंत पायी काढण्यास शिक्षकांना कोणाची परवानगी लागणार नाही. महापालिकेत वा नगरभूमापन कार्यालयात फायली हाताळणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर एखाद्या वाड्याच्या दुरुस्तीचा अर्ज पडून असेल, तर तो पुढे सरकविणे हेही जतनाचेच काम आहे.

मृग दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि त्याबरोबर धोकादायक घरांच्या नोटिसाही येतात. पुढच्या मृगापूर्वी पेठेतील किती छपरांवर नवी कौले चढली, याची एक साधी यादी महापालिकेने प्रसिद्ध करावी. बारा गडांच्या यादीने महाराष्ट्राची मान उंचावली. या दुसऱ्या यादीवरून पुण्याची परीक्षा होईल.